‘लक्ष लागत नाही’ म्हणजे नेमकं काय बिघडलंय?

दुर्मिळ जनुकीय विकार असलेल्या मुलाच्या फायलीत ‘एडीएचडी’ (लक्ष न लागणं आणि अतिचंचलपणा यांचा विकार) लिहिलं गेलं, की पुढचा शोध बहुतेक वेळा थांबतो. माझ्या मते तो तिथून सुरू व्हायला हवा. नऊपैकी सहा लक्षणं, किमान सहा महिने, घरी आणि शाळेत दोन्हीकडे, हे निकष पूर्ण झाले की निदान होतं. पण लक्ष कशामुळे सुटतं, हे त्या यादीला विचारून उपयोग नाही.

२००४ मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग बघा. अगदी लहान मुलांना टचस्क्रीनवर ठरावीक आकृत्या शोधायला दिल्या. फ्रॅजाइल एक्स (एक्स गुणसूत्रावरच्या एका जनुकातल्या बदलामुळे होणारा विकार) असलेली मुलं एकदा सापडलेल्या आकृतीवरच पुन्हा पुन्हा बोट ठेवत राहिली. विल्यम्स सिंड्रोमची (सातव्या गुणसूत्राचा छोटा भाग गळाल्याने होणारा विकार) मुलं भलत्याच आकृत्यांना हात लावत होती. चुका दोन्हीकडे, पण त्यांची जात वेगळी. पहिल्या मुलाला झालेलं काम सोडून पुढे सरकता येत नाही, म्हणून सोडवलेलं गणित लगेच झाकायचं, एका वेळी पानाची एकच पट्टी उघडी ठेवायची. दुसऱ्याच्या पानावर मुळात गर्दीच कमी हवी. शिवाय विल्यम्सच्या मुलांना माणसांचे चेहरे विलक्षण ओढून घेतात आणि काही आवाज असह्य होतात. त्यांना दाराजवळ बसवलं, की येणारा-जाणारा प्रत्येक जण तास मोडतो.

२२क्यू११ डिलीशनचं (बाविसाव्या गुणसूत्राचा छोटा भाग गळालेला) मूल बऱ्याचदा उलट असतं. ते शांत बसतं, कुणाला त्रास देत नाही, म्हणून तक्रारच येत नाही. बोलणं-वाचणं त्यामानाने बरं असतं आणि गणितात मात्र गाडी अडते. तोवर ‘आळशी’ हा शिक्का बसलेला असतो.

काही वेळा तर दोष लक्षाचा नसतोच. ट्युबरस स्क्लेरोसिसमध्ये (मेंदूत आणि इतर अवयवांत गाठी होणारा जनुकीय विकार) काही सेकंद टक लावून बघणं ही फिट असू शकते. हाक मारून, खांद्याला स्पर्श करूनही मूल भानावर येत नसेल तर ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींची तपासणी) हवा. फ्रॅजाइल एक्समध्ये मधल्या कानाचा संसर्ग वारंवार होतो, म्हणून आधी श्रवणचाचणी. स्मिथ-मॅजेनिस या जनुकीय विकारात मेलाटोनिनचं, म्हणजे झोप आणणाऱ्या संप्रेरकाचं, चक्र उलटं फिरतं, ते दिवसा वाढतं. अशा मुलाला भर दुपारी अवघड विषय शिकवणं म्हणजे दोघांचाही छळ. पीकेयू या विकारात शरीराला फेनिलअॅलनीन हा प्रथिनांमधला घटक नीट पचवता येत नाही. ते रक्तात वाढलं, की मेंदूत शिरण्याच्या वाटेवर टायरोसीन या दुसऱ्या घटकाला मागे सारतं. लक्षासाठी लागणारं मेंदूतलं रसायन डोपामीन टायरोसीनपासूनच बनतं, त्यामुळे लक्ष ढासळतं. इथे एडीएचडीच्या गोळीआधी रक्तातली फेनिलअॅलनीनची पातळी बघायची. उपचारात ती साधारण १२० ते ३६० मायक्रोमोल प्रति लिटर ठेवतात.

निदानच झालेलं नसेल तर कोणती तपासणी केली, हे विचारा. ‘जेनेटिक टेस्ट नॉर्मल आली’ या वाक्याला फारसा अर्थ नाही. साध्या कॅरिओटाइपमध्ये (सूक्ष्मदर्शकाखाली गुणसूत्रं बघण्याची तपासणी) विल्यम्स किंवा २२क्यू११ मधला छोटा तुटलेला भाग सहसा दिसत नाही, मायक्रोअॅरे या जास्त बारकाईच्या तपासणीत दिसतो. पण मायक्रोअॅरेला फ्रॅजाइल एक्स दिसत नाही. त्यासाठी एफएमआर१ जनुकातली सीजीजी या तीन अक्षरी डीएनए-तुकड्याची पुनरावृत्ती मोजणारी वेगळी चाचणी लागते. २०० पेक्षा जास्त वेळा म्हणजे फ्रॅजाइल एक्स घडवणारा पूर्ण बदल. न्यूरोफायब्रोमॅटोसिस टाइप १ (मज्जातंतूंवर गाठी आणि त्वचेवर डाग आणणारा विकार) साठी त्याच्या जनुकाचं सिक्वेन्सिंग, म्हणजे अक्षरशः वाचन, करतात, पण त्याआधी मुलाची त्वचा नीट बघा. वयात येण्यापूर्वी ५ मिलिमीटरहून मोठे, दुधाळ कॉफीच्या रंगाचे सहा किंवा अधिक डाग असतील तर संशय घ्यायलाच हवा.

आणखी एक गोष्ट सर्रास चुकते. आठ वर्षांच्या मुलाची समज चार वर्षांची असेल, तर त्याच्या एकाग्रतेची तुलना चार वर्षांच्या मुलाशीच करायची. तशी केली की काही ‘एडीएचडी’ गळून पडतात. उरतात ते खरे, आणि त्यांना उपचार मिळायलाच हवेत.

औषधांना माझा विरोध नाही. मिथाइलफेनिडेट हे एडीएचडीचं औषध यातल्या अनेक मुलांना उपयोगी पडतं. मात्र विल्यम्समध्ये रक्तवाहिन्या अरुंद असू शकतात आणि २२क्यू११ मध्ये हृदयदोष बराच आढळतो, त्यामुळे सुरू करण्यापूर्वी हृदयाची तपासणी आणि रक्तदाब, पुढे प्रत्येक वाढीव डोसनंतर रक्तदाब आणि वजन. फ्रॅजाइल एक्सच्या पाच वर्षांखालच्या मुलांमध्ये चिडचिड वाढण्याची शक्यता असते, तिथे डॉक्टर कधी ग्वानफेसिन किंवा क्लोनिडिन या दुसऱ्या औषधांचा विचार करतात.

डॉक्टरांकडे जाताना दोन आठवड्यांची झोपेची नोंद आणि मोबाइलवरचे दोन छोटे व्हिडिओ न्या: एक आवडीचं काम करतानाचा, एक नावडीचं. लक्ष नेमकं कितव्या मिनिटाला आणि कशानं सुटलं, हे त्यात दिसतं.