चिकटत नाही, हीच चांगली बातमी

ज्याला आपल्या संशोधनाचा विषय एका दमात सांगता येतो, त्याने लग्नाच्या पंगतीला खुशाल बसावं. आमचं तसं नाही. परवा शेजारच्या पानावरच्या काकांनी विचारलं आणि मी खरं सांगून बसलो, "पॉलिमरचा लेप दिलेल्या बिस्मथ फेराइटच्या नॅनोकणांचे चुंबकीय गुणधर्म."

काकांचा जिलेबीचा हात थांबला. "म्हणजे लोहचुंबक?"

"तसंच काहीसं."

"चुंबकाला चिकटतं?"

"नाही. चिकटलं तर आमच्या गाईड मॅडम ओरडतात."

काकांनी पलीकडच्या सिव्हिल इंजिनियरकडे मोर्चा वळवला. त्यांचं तरी काय चुकलं?

बिस्मथ फेराइट हा मल्टिफेरॉइक पदार्थ. एकाच स्फटिकात विद्युत ध्रुवीकरणही नांदतं आणि चुंबकीय शिस्तही, आणि तेही खोलीच्या तापमानाला. असे पदार्थ बोटांवर मोजण्याइतके. विद्युत बाजू सुमारे 830 अंश सेल्सिअसपर्यंत तग धरते, चुंबकीय बाजू सुमारे 370 पर्यंत. ऐकायला झकास. पण ती शिस्त अशी, की शेजारच्या लोहाच्या अणूनं वर तोंड केलं की यानं खाली करायचं. बेरीज शून्य. त्यातून ही रांग सरळही नाही. ती हळूहळू वळत जाते आणि 62 नॅनोमीटरला एक वेढा पूर्ण करते. न्यूट्रॉनच्या प्रयोगांतून 1982 साली हे उघड झालं. या वेढ्यात उरलंसुरलं चुंबकत्वही पुसलं जातं. म्हणून कण 62 नॅनोमीटरपेक्षा लहान करायचे. वेढा अर्धवट राहतो, पृष्ठभागावरच्या अणूंना जोडीदार मिळत नाही आणि थोडंसं चुंबकत्व शिल्लक पडतं. त्या शिलकीवर माझी फेलोशिप चालते.

कण बनवणं हे वेगळंच प्रकरण. बिस्मथ नायट्रेट पाण्यात टाकावं तर विरघळायचं सोडून पांढरा साका होऊन तळाशी बसतं, नायट्रिक आम्लाची लाच दिल्याशिवाय हलत नाही. पुढे जेल होतं, ते तापवलं की तपकिरी धूर निघतो आणि फ्यूम हूडचा पंखा नेमका त्याच वेळी कण्हायला लागतो. भट्टीत बिस्मथ थोडा उडून जातो, म्हणून आधीच जरा जास्त तोलायचा. किती जास्त, यावर प्रत्येक सीनियरचं घराणं वेगळं. जास्त झाला की एक भेसळ, कमी पडला की दुसरी, आणि एक्स-रेच्या आलेखात दोन्ही नको तिथे डोकं वर काढतात.

एवढं करून हाती आलेली विटकरी पावडर एकमेकांना मिठी मारून बसलेली असते. तिला सुटं करायला पीव्हीपी नावाच्या पॉलिमरचा लेप. सोनिकेटर, म्हणजे ध्वनिलहरींनी कण हलवून सोडवणारं यंत्र; त्याची ती किर्रर्र ऐकून दात आंबतात, पण कण सुटे होतात. मात्र दर ग्रॅममागचं चुंबकत्व घसरतं. मी जेवताना हे रडगाणं गायलो, तर आई वाढता वाढता म्हणाली, "अरे, मिठाई खोक्यासकट तोललीस तर दुसरं काय होणार?" तीन संशोधन निबंध वाचून मला एवढं सोपं कळलं नव्हतं. आता नमुना तापवून लेप जाळतो, वजन किती घटलं ते बघतो आणि खोक्याचं वजन वजा करतो.

खरी परीक्षा व्हीएसएमची, म्हणजे नमुना चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये थरथरवून त्याचं चुंबकत्व मोजणाऱ्या आणि त्याचा 'लूप' नावाचा आलेख काढणाऱ्या यंत्राची. ते आमच्याकडे नाही. दुसऱ्या संस्थेत अर्ज, फी, सहीसाठी फेऱ्या, मग नंबर. नमुना पाच मिलिग्रॅम, म्हणजे चिमूट म्हणायलाही जीभ धजत नाही. तो नळाला गुंडाळतात तसल्या टेफ्लॉन टेपमध्ये घट्ट बांधायचा. आणि स्टीलच्या चिमट्याला हात लावायचा नाही. हा सोवळेपणा उगाच नव्हे. माझ्या पावडरचं चुंबकत्व ग्रॅमला साधारण 0.1 इमू (पक्षी नव्हे, एकक). शुद्ध लोखंडाचं सुमारे 218. हिशेब केलात तर जेमतेम दोन मायक्रोग्रॅम लोखंड माझ्या अख्ख्या नमुन्याची बरोबरी करतं. चिमट्याचा एक ओरखडा आणि माझा प्रबंध चिमट्याच्या चुंबकत्वावर.

म्हणून मी डबीवर लाल अक्षरांत "फक्त प्लास्टिकचा चिमटा" असं लिहून पाठवतो. मध्यंतरी तिथल्या ऑपरेटरसाहेबांचा फोन आला, आवाजात पेढे वाटल्याचा आनंद. "काय नमुना आहे हो! असला सुंदर लूप! भरपूर मॅग्नेटिक!"

फोन स्पीकरवर होता. मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"साहेब," मी विचारलं, "चिमटा कुठला वापरलात?"

"प्लास्टिकचाच, तुम्ही लिहिलं होतं ना. पण टेप फार चिवट होती हो, सुटेना. मग ब्लेडनं कापली."