उघड्या कोडची भीती: लिनक्सविषयी फिरणाऱ्या संदेशाला उत्तर

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० साठीच्या नियमित सुरक्षा-दुरुस्त्या थांबवल्या आणि तेव्हापासून गोव्यातल्या वाचनालयांच्या, मराठी शाळांच्या, देवस्थान समित्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक लांबलचक संदेश फिरत आहे. त्याचा सारांश असा: जुन्या संगणकावर लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी बसवता येणारी फुकट संगणक-प्रणाली, घालण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, लिनक्सचा कोड (ज्या सूचनांनी प्रोग्रॅम बनतो त्यांचा मजकूर) साऱ्या जगाला उघडा असल्याने ते वापरणे म्हणजे चोराच्या हाती किल्ली देणे, फुकटच्या वस्तूला कोणी वाली नसतो, त्यात मराठी धड चालत नाही, त्यापेक्षा जुने विंडोज तसेच ठेवून अँटिव्हायरस घाला किंवा ‘ॲक्टिव्हेटर’ (परवाना विकत न घेता विंडोज चालू करून देणारा चोरटा प्रोग्रॅम) वापरून नवे विंडोज बसवा, आणि सॉफ्टवेअरमधील हक्कांच्या गप्पांशी गावच्या संस्थेला काही कर्तव्य नाही. संदेश लिहिणाऱ्याच्या हेतूबद्दल मला शंका नाही. मात्र हे दावे मानून वागणाऱ्या संस्थेचे प्रत्यक्ष नुकसान होणार आहे, म्हणून त्यांचा एकेक करून समाचार घेणे मला आवश्यक वाटते.

किल्लीचा मुद्दा सर्वांत जास्त पटणारा आहे आणि सर्वांत जास्त चुकीचाही तोच आहे. कोड हा कुलपाचा आराखडा असतो. किल्ली म्हणजे तुमचा पासवर्ड, आणि तो कोडमध्ये लिहिलेला नसतो. आराखडा उघड झाल्याबरोबर जे कुलूप निकामी होते ते मुळातच कच्चे असते, हे गुप्तलेखनाच्या अभ्यासकांनी फार पूर्वी ओळखले होते. ऑगस्त केर्कहॉफ्स यांनी १८८३ मध्येच मांडले होते की लष्कराची संदेशपद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडता कामा नये, गुपित फक्त किल्लीत असावे. आज बँकेच्या संकेतस्थळाशी होणारा आपला व्यवहार ज्या एईएस पद्धतीने झाकला जातो, ती अमेरिकेच्या मानक संस्थेने जगभरातून प्रस्ताव मागवून, त्यांतल्या प्रत्येकावर तज्ज्ञांना जाहीरपणे तुटून पडू देऊन निवडली आणि २००१ मध्ये प्रमाण म्हणून स्वीकारली. तिचे सगळे तपशील तेव्हापासून कोणालाही वाचता येतात. ज्या उघडेपणाला संदेशकर्ता भितो, त्याच्याच आधारावर त्याच्या बचत खात्यातील पैसे सुरक्षित आहेत.

याउलट, कोड बंद ठेवल्याने दोष लपून राहतात काय? मे २०१७ मधील ‘वॉनाक्राय’ हा संगणकी विषाणू आठवावा. दीडशेहून अधिक देशांतील संगणकांवरच्या फायली त्याने कुलूपबंद केल्या आणि ब्रिटनमधील रुग्णालयांना शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. तो ज्या दोषावर उभा होता तो विंडोजमध्ये होता. सामान्य वापरकर्त्याला तो दिसण्याची सोय नव्हती, पण अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेला तो ठाऊक होता, तिने त्यावर हत्यार बनवून ठेवले होते आणि ते हत्यार तिच्याकडून फुटले. कोड बंद असल्याने अंधारात राहिले ते फक्त आपण. ज्यांच्याकडे पैसा, वेळ आणि माणसे होती त्यांनी तो दोष शोधून काढलाच. या प्रकरणातील दुसरी गोष्ट आपल्या प्रश्नाला अधिक लागू पडते. त्या दोषावरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने हल्ल्याच्या दोन महिने आधी, मार्चमध्येच दिली होती. बळी पडले ते ज्यांनी ती बसवली नव्हती असे संगणक. दुरुस्त्या येणेच ज्याचे थांबले आहे, ते विंडोज १० आता कायमचे त्या रांगेत जाऊन बसले आहे.

उघडा कोड निर्दोष असतो, असा माझा दावा नाही आणि तसा दावा करणाऱ्या उत्साही मित्रांशी माझे जमत नाही. ‘हार्टब्लीड’ हा दोष ओपनएसएसएल या, संकेतस्थळांशी होणारा व्यवहार झाकणाऱ्या उघड्या प्रकल्पात दोन वर्षे पडून होता आणि एप्रिल २०१४ मध्ये तो उजेडात आला, तेव्हा निम्म्या जगाचा आधार असलेला हा प्रकल्प मूठभर माणसे तुटपुंज्या पैशांत चालवत होती हेही कळले. मार्च २०२४ मधला ‘एक्सझेड’चा प्रकार तर आणखी गंभीर होता. एका टोपणनावाच्या व्यक्तीने सुमारे दोन वर्षे इमानेइतबारे काम करून विश्वास मिळवला आणि मग फायली दाबून लहान करणाऱ्या या साध्या साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा बसवला. तो सापडला कसा, हे मात्र संदेशकर्त्याने अवश्य वाचावे. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दूरच्या संगणकात प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद जास्त लागत असल्याचे जाणवले. तेवढ्यावरून त्याने माग काढायला सुरुवात केली, आणि सगळा माल डोळ्यांसमोर असल्यामुळे कोणाचीही परवानगी न मागता तो मुळापर्यंत पोहोचला. लिनक्सच्या प्रमुख स्थिर आवृत्त्यांत ते विष शिरण्यापूर्वीच बाहेर काढले गेले. स्वतः मायक्रोसॉफ्टमध्ये नोकरी करणाऱ्या फ्रॉइंडला हा तपास बंद कोडच्या एखाद्या परक्या उत्पादनात करता आला नसता; त्याला फार तर कंपनीकडे तक्रार नोंदवून उत्तराची वाट पाहावी लागली असती.

फुकटच्या वस्तूला वाली नसतो, हा दुसरा दावा. जगातील सर्वांत वेगवान ५०० महासंगणकांपैकी प्रत्येक संगणक नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सवर चालतो आणि आपल्या खिशातल्या अँड्रॉइड फोनचा गाभाही लिनक्सचाच आहे. हा संदेश ज्यांनी पुढे ढकलला, त्यांतल्या बहुतेकांनी तो लिनक्सवरूनच ढकलला आहे. रेड हॅट ही लिनक्सवर उभी राहिलेली कंपनी आयबीएमने २०१९ मध्ये ३४ अब्ज डॉलरला विकत घेतली. कोणी वाली नसलेल्या मालाला असा भाव येत नाही. राहिला जबाबदारीचा प्रश्न. पैसे मोजले की कंपनी नुकसानभरपाई देईल, असे ज्यांना वाटते त्यांनी विंडोज बसवताना ‘मान्य आहे’ म्हणून दाबलेला करार एकदा वाचावा; त्यात भरपाईची मर्यादा सॉफ्टवेअरसाठी मोजलेल्या किमतीएवढी घातलेली आहे. आपल्या सभासदांची नोंदवही पुसली गेली तर तिची किंमत या हिशेबात कुठेच येत नाही.

मराठीच्या मुद्द्यावर मी जरा थांबणार आहे, कारण येथे संदेशाने वस्तुस्थिती अगदी उलटी केली आहे. गोव्यात एखाद्या मंडळाकडे जा आणि वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच्या स्मरणिकेची संगणकावरची फाईल मागा. फाईल बहुधा मिळेल, पण उघडल्यावर पडद्यावर दिसेल ती रोमन अक्षरे, आकडे आणि खुणा यांची खिचडी. त्या काळी मराठी मजकूर बंद स्वरूपाच्या फॉन्टांत जुळवला जात असे; प्रत्येक फॉन्टची आतली मांडणी निराळी, संगणकाच्या लेखी तेथे ‘क’ नसून भलतेच रोमन अक्षर असायचे आणि फॉन्ट फक्त त्यावर ‘क’चे चित्र चढवायचा. तो फॉन्ट गेला, तो चालवणारी जुनी प्रणाली गेली, की मजकूरही गेला. गोमंतकीय मराठी लेखनाचा किती भाग अशा फायलींत अडकून पडला असेल या विचाराने मला खरोखर अस्वस्थ व्हायला होते. आपलेच शब्द वाचण्यासाठी आपल्याला दुसऱ्याच्या दाराशी उभे राहावे लागते, आणि सॉफ्टवेअरच्या हक्कांचा प्रश्न तो हाच.

यावरचा उपाय युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला सर्व संगणकांवर एकच ठरलेला क्रमांक देणारे मानक, हा होता, आणि मुक्त (म्हणजे कोणालाही तपासता, बदलता आणि वाटता येणाऱ्या) सॉफ्टवेअरने तो मनापासून स्वीकारला. रेड हॅटने पुढे आणलेला लोहित, गूगलचा नोटो, एकटाइपचा मुक्ता हे देवनागरी फॉन्ट मुक्त परवान्यांखाली उपलब्ध आहेत. ते कोणीही वापरावेत, छापावेत, दुरुस्तही करावेत. लिनक्सच्या सेटिंगमध्ये कीबोर्ड निवडून मराठी इनस्क्रिप्ट ही कळांची प्रमाण मांडणी घेतली की काम सुरू होते. खात्री करायची असेल तर ‘किनाऱ्यावर’ हा शब्द टंकून पाहावा, कारण यातला अर्धा ‘ऱ’ हीच मराठीची खरी परीक्षा आहे: शिफ्ट दाबून जे, मग हलन्तासाठी डी, मग ‘य’साठी तिरप्या रेघेची कळ. रफार डोक्यावर न चढता ‘ऱ्या’ आडवा उमटतो, आणि लिबरऑफिस या लेखनाच्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये लिहून ओडीएफ या फायलींच्या आंतरराष्ट्रीय मानकात जतन केलेला तो शब्द उद्या दुसऱ्या कोणत्याही यंत्रावर तसाच उघडतो. विंडोजमध्येही आज युनिकोड मराठी उत्तम चालते, हे मान्य करायलाच हवे. मात्र लिनक्समध्ये ते चालत नाही, हे विधान निखालस खोटे आहे. येथे कोंकणी लिहिणाऱ्यांनाही हेच फॉन्ट उपयोगी पडतात, आणि बाजारपेठ लहान म्हणून कोणती भाषा वगळायची हा निर्णय एखाद्या कंपनीच्या हाती राहत नाही.

ॲक्टिव्हेटरच्या सल्ल्यावर फार शब्द खर्च करण्याचे कारण नाही. अनोळखी माणसाने बनवलेला प्रोग्रॅम सर्वाधिकारांसह चालवायचा आणि तो चालावा म्हणून आधी अँटिव्हायरस बंद करायचा, ही सुरक्षेची पद्धत होऊ शकत नाही. शिवाय जाणूनबुजून चोरीच्या प्रतीचा वापर करणे हा कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ ब खाली गुन्हा असून त्याला सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड सांगितलेला आहे. शाळेच्या किंवा देवस्थानाच्या कार्यालयात असा सल्ला देणाऱ्याने ही जोखीम कोणाच्या गळ्यात घातली याचा विचार करावा. अँटिव्हायरसने विंडोज १० सुरक्षित होते, हेही खरे नाही. तो ओळखीचे विषाणू अडवतो. प्रणालीच्या पायातली भेग तो बुजवू शकत नाही.

हक्कांशी गावच्या संस्थेला कर्तव्य नाही, हे वाक्य मला सर्वांत जास्त खटकले. २००९ मध्ये अमेझॉनने ग्राहकांनी पैसे देऊन घेतलेल्या काही पुस्तकांच्या प्रती त्यांच्या किंडल या ई-पुस्तक वाचण्याच्या यंत्रावरून परस्पर काढून घेतल्या होत्या. वाचनालय चालवणाऱ्याला याहून बोलके उदाहरण नको. विंडोज ११ ची घरगुती आवृत्ती बसवताना इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्टचे खाते मागते, म्हणजे स्वतःच्या टेबलावरचे यंत्र सुरू करण्याआधी आपण कोण हे दूरच्या कंपनीला सांगायचे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला आहे, आणि सभासदांचे पत्ते, फोन नंबर, आधारच्या प्रती सांभाळणाऱ्या लहान संस्थेवरही त्या हक्काची जबाबदारी येते. मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ मागते त्या चार गोष्टी आहेत: हव्या त्या कामासाठी प्रोग्रॅम चालवता यावा, तो कसा चालतो हे तपासून बदलता यावे, त्याची प्रत दुसऱ्याला देता यावी आणि केलेली सुधारणा वाटता यावी. न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ या भागातल्या ग्रंथालयांसाठी बनलेली ‘कोहा’ ही ग्रंथालय-प्रणाली २००० च्या जानेवारीत सुरू झाली आणि आज आपल्याकडच्या वाचनालयालाही ती परवानाशुल्क न देता वापरता येते, ती याच चार हक्कांमुळे. भारत सरकारनेही २०१५ मध्ये स्वतःच्या कामकाजासाठी मुक्तस्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. केरळातल्या सरकारी शाळांत मुले वर्षानुवर्षे त्यावरच शिकत आली आहेत.

संदेशकर्त्याने लिहिली नाही, पण लिहायला हवी होती अशी एक खरी अडचण आहे. टॅली हे हिशेबाचे सॉफ्टवेअर विंडोजसाठीच बनते, आणि हिशेबनिसाची सवय मोडून संस्थेचा ताळेबंद अडवून ठेवणे शहाणपणाचे नाही. डिजिटल सहीचे टोकन आणि जुना प्रिंटर लिनक्सवर चालतो की नाही हेही आधी पाहून घ्यावे लागते. जर्मनीतल्या म्युनिक शहराने मोठा गाजावाजा करून लिनक्स स्वीकारले आणि २०१७ मध्ये विंडोजकडे परतण्याचा ठराव केला, हेही झाकून ठेवण्याचे कारण नाही. म्हणून हिशेबाचा एक संगणक विंडोजवरच ठेवावा. तो जुना असेल तर विंडोज १० च्या सुरक्षा-दुरुस्त्यांसाठी मायक्रोसॉफ्टची सशुल्क मुदतवाढ घ्यावी किंवा तेवढाच बदलावा. पत्रव्यवहाराच्या, पुस्तकसूचीच्या आणि मुलांच्या शिकण्याच्या बाकी संगणकांसाठी उबुंटू किंवा मिंट यांपैकी लिनक्सचा एखादा प्रकार पेनड्राइव्हवर घेऊन, मूळ डिस्कला हात न लावता, तिथूनच सुरू करून पाहावे, आणि त्याच बैठकीत कार्यालयाच्या प्रिंटरवर मराठीतले एक पत्र छापून घ्यावे. ते नीट उमटले तर सर्व फायलींची प्रत वेगळ्या डिस्कवर काढून मगच लिनक्स कायमचे बसवावे.