‘रोटरीलाही लागू’ म्हणे! इंजिनाच्या सात लक्षणांचा तो मेसेज

‘जुन्या गाडीचं इंजिन जाण्याआधीची सात लक्षणे’ असा एक मेसेज सध्या फिरतोय. वर दोन बाणांची खूण, म्हणजे कित्येकांनी पुढं ढकललेला. बेळगाव, खानापूर, निपाणीकडचा एखादा ग्रुप त्यातून सुटला असेल असं वाटत नाही. मी तो बघून सोडून दिला होता. बेळगावच्या उद्यमबागेत इंजिनांची कामं करणाऱ्या माणसानं असल्या प्रत्येक मेसेजला उत्तर द्यायचं म्हटलं तर मशीनवर कोण उभं राहणार? पण आमच्या दाजींनी तो थेट न्यूझीलंडला, आपल्या लेकाला पाठवला. भाचा ऑकलंडला नोकरीला आहे आणि एक लाख चाळीस हजार किलोमीटर चाललेली मॅझ्दा आरएक्स-८, म्हणजे रोटरी इंजिनाची स्पोर्ट्स कार, घ्यायच्या बेतात आहे. मेसेजच्या शेवटी ठळक अक्षरांत लिहिलंय, ‘मारुतीपासून रोटरी स्पोर्ट्स कारपर्यंत सर्व गाड्यांना लागू.’ लगेच त्याचा फोन. “मामा, गाडी विकणारा पण हेच सांगायलाय की!” दाजींना तोंडावर काही बोलता येत नाही, म्हणून इथं लिहितोय.

ज्यांच्यापर्यंत मेसेज पोचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इंजिन ऑईल खात असेल तर ते संपलं. गरम इंजिन चालू व्हायला त्रास देत असेल तर काळजी नको, सेल्फ कमजोर आहे, मोठा सेल्फ बसवा. पांढरा धूर म्हणजे नुसती वाफ. टेंपरेचरचा काटा मध्यावर असला की इंजिन ठणठणीत. जुनं इंजिन तीन हजार आरपीएमच्या वर नेऊ नका. जाड ऑईल घाला, गेलेलं कॉम्प्रेशन, म्हणजे इंजिनातला दाब, परत येतो. आणि एक लाखानंतर कुठलंही इंजिन खोलावंच लागतं.

यातला सेल्फचा मुद्दा माणसाला बुडवणारा आहे, म्हणून आधी तोच घेतो.

रोटरी इंजिनात पिस्टन नाही, कनेक्टिंग रॉड नाही, वॉल्व्ह नाहीत. आरएक्स-८ मध्ये ६५४ सीसीचे दोन कप्पे, प्रत्येकात फुगीर बाजूंचा एक तिकोनी रोटर फिरतो. रोटरच्या तिन्ही टोकांवर एपेक्स सील, दोन्ही अंगांना साइड सील. पिस्टनच्या रिंगा जे काम करतात ते इथं या बारीक पट्ट्यांवर. त्या झिजल्या, अडकल्या किंवा तुटल्या की रोटरच्या एका बाजूचा दाब शेजारच्या बाजूला पळतो. इंजिन थंड असताना ऑईल घट्ट असतं, ते फटी झाकतं आणि गाडी सकाळी बिनतक्रार चालू होते. वीस-पंचवीस किलोमीटर चालवून पेट्रोल भरायला थांबलात, दहा मिनिटांनी सेल्फ मारला, की खरं रूप बाहेर येतं. ऑईल पातळ झालेलं, दाब धरत नाही, सेल्फ नुसता फिरत राहतो. आपल्याकडच्या जुन्या डिझेल गाड्यांची रड उलटी असते. त्यांचं कॉम्प्रेशन उतरलं की डिसेंबरच्या पहाटे चालू व्हायला छळतात आणि तापल्यावर सुतासारख्या सरळ येतात. तोच हिशोब रोटरीला लावला की माणूस फसला.

आता मोठा सेल्फ बसवल्यावर काय होतं? गाडी खरंच चालू होते! रोटर जोरात फिरला की दाबाला गळून जायला वेळ कमी मिळतो, आकडा थोडा वर चढतो, ठिणगीला तेवढं पुरतं. सील झिजलेलीच राहतात. म्हणजे इंजिन जायला आल्याची जी एकमेव स्पष्ट खूण गाडी स्वतःहून देते, ती पैसे घालून झाकायची. विकणाऱ्याला यापेक्षा सोयीचा सल्ला कुठला मिळणार?

हे माझं मत म्हणून सोडून द्यायचं असेल तर मॅझ्दाचं स्वतःचं वर्कशॉप मॅन्युअल बघा. आरएक्स-८ साठी त्यात आकडे छापलेले आहेत. सेल्फवर इंजिन मिनिटाला २५० फेरे घेत असताना ठरलेला दाब दर चौरस सेंटिमीटरला ८.५ किलो. ६.९ किलोच्या खाली गेला की नापास. एकाच रोटरच्या तीन बाजूंत १.५ किलोपेक्षा जास्त फरक चालत नाही, दोन रोटरांमध्ये १ किलोपेक्षा जास्त नाही. पीएसआयमध्ये हवं असेल तर खालची हद्द साधारण ९९. फेऱ्यांचा आकडा कंपनीनं उगाच छापलेला नाही. सेल्फ वेगात फिरवून दाबाचा आकडा फुगवता येतो, हे तिला माहीत आहे.

आणखी एक गोम आहे. आपल्या गॅरेजांत जो कॉम्प्रेशन गेज असतो त्यात एकेरी वॉल्व्ह असतो, आलेला सगळ्यात मोठा दाब तो धरून ठेवतो. पिस्टनला ते ठीक, एका सिलिंडरचा एकच दाब. रोटरीत तिन्ही बाजू एकाच प्लगसमोरून पाळीपाळीनं जातात. दोन बाजू आठ किलोच्या आणि एक चारची, तरी काटा आठवर जाऊन उभा. “कॉम्प्रेशन चेक केलंय, एकदम ओके” असं सांगणारा माणूस खोटं बोलत असेलच असं नाही, त्याचा गेजच आंधळा आहे. रोटरीचा वेगळा टेस्टर तीन बाजूंचे तीन आकडे वेगळे देतो. तो नसेल तर गेजमधला वॉल्व्ह काढून सेल्फ मारायचा आणि काट्याच्या उड्या बघायच्या. तिन्ही सारख्या हव्यात. दोन मोठ्या आणि एक मेलेली दिसली तर पुढं बोलायचं कारण नाही.

बरं, मेसेजच्या पदरात थोडं टाकतो. गरम चालू न होणारी प्रत्येक आरएक्स-८ मेलेलीच असते असं नाही. बॅटरी उतरलेली असू शकते, सेल्फ खरंच दमलेला असू शकतो, आणि या गाडीच्या इग्निशन कॉइल, म्हणजे प्लगला ठिणगीची वीज देणाऱ्या, तर बदनामच आहेत. चार प्लग, चार कॉइल, सगळं आधी तपासावं. पण कॉइल कमजोर असतानाही गाडी तशीच दामटली की न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या, धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतं, तो चोंदतो, उष्णता मागं इंजिनावर येते आणि साइड सील जातात. म्हणजे किरकोळ दुखणंही शेवटी त्याच दारात नेऊन सोडतं. म्हणून तर आकडे मागायचे.

ऑईलचा मुद्दा तर सरळ उलटा आहे. या इंजिनात एक छोटा पंप मुद्दाम थोडं थोडं ऑईल रोटरच्या कप्प्यात सोडतो, एपेक्स सीलना वंगण मिळावं म्हणून. ते पेट्रोलबरोबर जळून जातं. चेतकमध्ये पेट्रोलबरोबर टूटी ऑईल मारून घेतलेल्या आमच्या पिढीला हे समजायला जड जाऊ नये. तेव्हा ऑईल कमी होणं हे इंजिन संपल्याचं लक्षण नाही, तिथं दर टाकीला डिपस्टिक बघायची हा नियमच. ज्या आरएक्स-८ चं ऑईल हजारो किलोमीटर चालूनही कमी होत नाही, तिला मी जास्त घाबरेन. तो पंप किंवा त्याचे नोझल बंद पडले असतील तर सील कोरडी घासत असणार. एकदम फार ऑईल जायला लागलं, निळा धूर थांबेना, तर अर्थात दाखवायला हवं. पण ‘ऑईल खातंय, विकून टाका’ हे पिस्टनवाल्याचं शहाणपण आहे, तेही अर्धंच.

पांढरा धूर आणि टेंपरेचरचा काटा एकत्रच घेतो, कारण ही जोडी मिळून इंजिन मारते. थंडीत सकाळी सायलेन्सरमधून पाच मिनिटं वाफ येते, कबूल. इंजिन तापल्यावरही ती येत राहिली, तिला गोडसर वास असला, कूलंटची बाटली उतरत गेली किंवा तिच्यात बुडबुडे दिसले, तर ती वाफ नाही, इंजिन कूलंट जाळतंय. पिस्टनच्या गाडीत हेड गॅसकेटवर सुटका होऊ शकते. रोटरीला हेडच नाही. लोखंडी आणि अ‍ॅल्युमिनियमची हाउसिंग, म्हणजे इंजिनाची कवचं, एकाआड एक लावून लांब बोल्टांनी आवळलेली, मधे कूलंटची सील. त्यात स्फोट कायम हाउसिंगच्या एकाच अंगाला होतो, दुसऱ्या अंगाला कायम थंड हवा आत येते. एक बाजू भाजते, दुसरी गार. म्हणून हे इंजिन एकदा जरी हद्दीबाहेर तापलं तरी सील गेल्यात जमा, आणि ते बदलायला अख्खं इंजिन सुटं करावं लागतं.

आणि काटा? आरएक्स-८ चा काटा मुद्दाम सुस्त ठेवलाय. खरं तापमान बऱ्यापैकी वरखाली झालं तरी तो मध्यावरच बसून राहतो, हलतो तेव्हा वेळ गेलेली असते. चोर्ला घाट चढताना आपण काट्यावर नजर ठेवतो ती सवय तिथं कामाची नाही. जाणकार मालक ओबीडीला, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरच्या सॉकेटला, रीडर लावून खरा आकडा बघतात.

तीन हजारांच्या वर नेऊ नका, हेही पिस्टनच्या हिशोबानं. या इंजिनात शाफ्टच्या तीन फेऱ्या होतात तेव्हा रोटरचा एक फेरा होतो. सहा गिअरच्या आरएक्स-८ ला मीटरवर नऊ हजार दिसले तरी रोटर तीन हजारांनीच फिरत असतो. कायम गोगलगायीसारखी चालवली तर कार्बन साठतो आणि सील खाचेत अडकतात. पूर्ण तापू द्यायची आणि मग अधूनमधून मनसोक्त पळवायची. थंड इंजिन चालू करून, गाडी जागची दोन हात हलवून लगेच बंद मात्र करायची नाही. पेट्रोल साचतं, सीलवरचं ऑईल धुऊन जातं आणि पुढच्या वेळी ती चालूच होत नाही.

एक लाखाचं म्हणाल तर आमच्या धंद्याला ते वाक्य फायद्याचंच आहे, छापून दुकानात लावावं असं! पण वेळेवर ऑईल बदललेली साधी पेट्रोल गाडी लाखाला कुठली उघडायला येते? रोटरीपुरतं मात्र त्यात निम्मं तथ्य आहे, हे नाइलाजानं मान्य करतो. २००८ मध्ये अमेरिकेत मॅझ्दानं २००४ ते २००८ मॉडेलच्या आरएक्स-८ ची इंजिनाची वॉरंटी आठ वर्षं किंवा एक लाख मैल, म्हणजे साधारण एक लाख साठ हजार किलोमीटरपर्यंत वाढवली. इंजिनं लवकर जात नसती तर कुठली कंपनी असं आपण होऊन करेल? तरी किलोमीटरवरून इंजिनाचा निकाल लागत नाही. साठ हजारांत मेलेलीही असतात आणि दोन लाखांना दाब धरणारीही.

जाड ऑईलनं कॉम्प्रेशन परत येतं यावर काय लिहायचं? गाडी विकायच्या आदल्या दिवशी येतं.

तर भाच्या, तिथं रोटरीची कामं करणारी दुकानं आहेत, त्यातलं एक तू शोध, विकणाऱ्यानं सुचवलेलं नको. गाडी अर्धा तास चालवून गरमागरम टेस्टरला लाव. दोन्ही रोटरांचे मिळून सहा आकडे आणि त्या वेळचा सेल्फचा वेग, एवढं कागदावर लिहून घे आणि मला पाठव. विकणारा गरम इंजिनावर टेस्ट करू देत नसेल तर पैसे काढूच नकोस. आणि दाजींना सांग, मामाशी बोलणं झालंय म्हणून.