चंद्रतालला काठावर तंबू लावता येत नाही

सध्या फिरतोय तो मेसेज, की हिमाचलच्या लाहौल-स्पितीतल्या चंद्रताल सरोवराच्या काठावरच तंबू लावून रात्र काढता येते, तो चुकीचा आहे. ही २००५ पासून रामसर पाणथळ जागा (रामसर या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीतली) आहे, काठावर कॅम्पिंगला बंदी आहे, कॅम्प सगळे बरेच अलीकडे असतात, गाडीपण पार्किंगलाच थांबते आणि पुढे साधारण किलोमीटरभर चालायचं, पण उंची ४,३०० मीटरच्या आसपास असल्यामुळे तेवढ्यातच दम लागतो, म्हणून मनालीहून थेट येऊन लगेच प्रदक्षिणेला निघू नका प्लीज, आधी शरीराला सवय होऊ द्या. पाण्यात उतरायलाही मनाई आहे. आणि हो, इथलं पाणी चंद्रा नदीला मिळतं, ती पुढे तांदी गावाजवळ भागा नदीला मिळून चंद्रभागा म्हणजे चिनाब होते, आपली पंढरपूरची चंद्रभागा वेगळी, ती भीमा.