लादीवरचे सोवळे

घोडबंदर रस्त्यावर विसाव्या मजल्यावर घर घेतले, वीस वर्षांचे कर्ज डोक्यावर घेतले, आणि तरीही आपल्या चार वर्षांच्या मुलाला अद्याप कशाचीही ॲलर्जी निघालेली नाही, असे आपण सांगता तेव्हा आपल्याविषयी मनापासून काळजी वाटते. सोसायटीतील निम्म्या मुलांच्या दप्तरांत दम्याचे पंप असताना आपलाच चिरंजीव पावसात भिजून येतो, वरणभात जेवतो आणि एकही शिंक न देता झोपी जातो, हे चारचौघांत बरे दिसत नाही. प्रयत्न केल्यास यावर उपाय आहे.

आरंभ लादीपासून करावा. बाटलीवर बादलीभर पाण्याला एक झाकण असे लिहिलेले असले, तरी ते गरिबांसाठी आहे असे समजून आपण तीन झाकणे ओतावीत. कामाला येणाऱ्या मावशींना दारातच पाय धुवायला लावावेत, लादी दोनदा पुसून घ्यावी, आणि मग खिडक्या घट्ट लावून लिंबाच्या वासाचा फवारा मारावा. कॅनडात 2020 साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, तान्ह्या बाळाच्या घरी साफसफाईची रसायने जितकी वारंवार वापरली जात, तितके तिसऱ्या वर्षी दम्याचे प्रमाण अधिक आढळले, आणि त्यातही फवारे व सुवासिक द्रव्ये आघाडीवर होती. म्हणजे जंतू मरोत न मरोत, श्वासनलिकेची झीज पदरात पडतेच. आपल्या पणजीचेही सोवळे कडक होते, पण ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी संपत असे, आणि त्या उंबऱ्याबाहेर पोरे दिवसभर अंगणातल्या मातीत लोळत असत. इतके ढिले सोवळे आता परवडणार नाही.

भावंडांच्या बाबतीतही सावध राहावे. डेव्हिड स्ट्रॅकन या ब्रिटिश साथरोगतज्ज्ञाने 1989 मध्ये, मार्च 1958 च्या एकाच आठवड्यात जन्मलेल्या सुमारे सतरा हजार मुलांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा ज्याला थोरली भावंडे जास्त त्याला परागकणांमुळे होणारा शिंकांचा विकार कमी, असे त्याला दिसून आले. थोरल्याचा शेंबूड धाकट्याला लागतो आणि त्या निमित्ताने धाकट्याच्या रोगप्रतिकारशक्तीला लहानपणीच शहाणपण येते, असा त्याचा साधारण तर्क होता. तेव्हा एकावरच थांबणे उत्तम. आणि दोन असतीलच, तर दोघांना वेगळी खोली, वेगळा टॉवेल आणि वेगळा टॅब द्यावा.

खरा धोका मात्र मुरबाडच्या आजीकडे आहे. तिच्या दारात गोठा आहे, आणि गोठा ही ॲलर्जीच्या मुळावर येणारी वस्तू आहे. अमेरिकेत आमिश आणि हटराइट असे दोन शेतकरी समाज आहेत. दोघांचे पूर्वज युरोपातले आणि राहणीही बरीचशी सारखी, फरक इतकाच की आमिश लोक अजून घोड्यांनी नांगरतात व त्यांचे गोठे घराला लागून असतात, तर हटराइटांची शेती यंत्रांची आणि गुरे वस्तीपासून दूर. पहिल्यांच्या मुलांत दम्याचे प्रमाण सुमारे 5 टक्के, दुसऱ्यांच्या मुलांत सुमारे 21 टक्के. 2016 साली संशोधकांनी दोन्हीकडच्या घरांतली धूळ उंदरांना हुंगवून पाहिली, तर आमिश घरांतल्या धुळीने उंदरांचाही दम्यापासून बचाव झाला! म्हणून मे महिन्याच्या सुट्टीत मुलास मुरबाडला पाठवू नये. वसुबारसेला गाईचे चित्र पुजावे, आणि येऊरच्या जंगलात गेलाच तर गाडीची काच वर ठेवावी.

इतके करून फळ मिळते का, असे विचारणाऱ्यांना माझ्या नेरूळच्या बहिणीचे उदाहरण देतो. तिच्या घरी लादीत तोंड दिसते. भाच्याच्या शिंका थांबेनात, तेव्हा ॲलर्जी कशाची ते पाहायला डॉक्टरांनी त्याच्या हातावर ओळीने निरनिराळ्या अर्कांचे थेंब ठेवून सुईने टोचले. पंधरा मिनिटांत दोन ठिकाणी चांगल्या गांधी उठल्या, एक झुरळाची आणि दुसरी घरच्या धुळीतल्या माइटची. हा माइट इतका बारीक असतो की नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. आपल्याच अंगावरून झडणाऱ्या त्वचेवर तो जगतो, आणि खाडीकाठची दमट हवा त्याला फार मानवते. फिनेल लादीवर आणि माइट गादीत, अशी त्यांची आठ वर्षे गाठच पडली नव्हती. ताईने त्याच संध्याकाळी फिनेलचा पाच लिटरचा कॅन आणला.

काही मंडळी यात उगाच बुद्धिभेद करतात. लंडनचे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ ग्रॅहम रूक 2003 पासून सांगत आले आहेत की शरीराला ओढ आहे ती माती, जनावरे आणि माणसे यांच्यासोबत आलेल्या जुन्या सोबती सूक्ष्मजीवांची, जुलाबाच्या जंतूंची नव्हे. त्यामुळे जेवणापूर्वी व शौचानंतर साबणाने हात धुतल्याने ॲलर्जी वाढते असे मानायला आधार नाही. असली मधली वाट पत्करू नये. आपला चिरंजीव संडासातून आल्यावर नळाखाली दोन बोटे धरून पळतो, तिकडे दुर्लक्ष करावे, कारण आपण त्या वेळी सोफ्याचे पाय निर्जंतुक करण्यात गुंतलेले असता. साधी सर्दी विषाणूंची असते आणि तिच्यावर अँटिबायोटिकचा उपयोग होत नाही, हेही विसरून उरलेल्या गोळ्या कपाटात हाताशी ठेवाव्यात.

आता एकच खिंड राखायची उरली. गेल्या रविवारी आजीने एसटीतून मांडीवर धरून आणलेली तुळस बाल्कनीत आहे, आणि आपण हे वाचत असताना चिरंजीव त्या कुंडीशी उकिडवा बसून ओल्या मातीत कोपरापर्यंत हात घालून गांडूळ शोधतो आहे. फवारा घेऊन धावा. आजी दाराला पाठ लावून बसली असेल, तिला आधी उठवावे लागेल.