क्रूझला नावं ठेवण्याआधी एकदा घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडे बघा

आज ऑफिसमध्ये डबा खाताना एक सहकारी आई-वडिलांना घेऊन अलास्काची क्रूझ करायचं म्हणत होती. थंडी किती असते, व्हिसाचं काय, बाबांना झेपेल का, असं सगळं विचारत होती. तेवढ्यात शेजारच्या टेबलावरून एक गृहस्थ म्हणाले, "क्रूझ म्हणजे काय प्रवास आहे का? तरंगतं हॉटेल ते. खायचं, झोपायचं, फोटो काढायचे. अलास्का बघायचा तर पाठीला सॅक लावून बघावा." ती एकदम गप्प झाली. मी तिथे काही बोलले नाही, बोलले असते तर आवाज चढला असता. पण दिवसभर ते वाक्य डोक्यातून गेलं नाही, म्हणून इथे लिहितेय. मोठं होणार आहे.

सॅक कोणाच्या पाठीला लावायची, हे सांगा आधी. माझ्या सासूबाईंचे दोन्ही गुडघे गेलेले आहेत. घरातल्या घरात काठी लागते, बाहेर व्हीलचेअर. मग त्यांनी हिमनदी बघायचीच नाही का? ज्याचे पाय धड तोच प्रवासी, बाकीच्यांनी घरी बसून तुमचे फोटो बघायचे, असा नियम कोणी केला?

आम्ही सगळे गेलो होतो. आई (सासूबाईंना मी आईच म्हणते), आम्ही दोघं आणि आमचा मुलगा. ग्लेशियर बे या तिथल्या हिमनद्यांच्या खाडीतला तो दिवस मी मरेपर्यंत विसरणार नाही. जहाज मार्जरी हिमनदीसमोर येऊन जवळजवळ थांबलं. सुमारे दीड किलोमीटर रुंद भिंत, पाण्याच्या वर पंचाहत्तर मीटर उंच, आणि तिच्या भेगांमध्ये असा निळा रंग की पहिल्यांदा खरा वाटतच नाही. वर्षानुवर्षं दबून दबून त्या बर्फातली हवा निघून गेलेली असते, आणि असा घट्ट बर्फ उजेडातला लाल भाग गिळतो, निळा तेवढा बाहेर सोडतो. हे आम्हाला जहाजावर आलेल्या राष्ट्रीय उद्यानाच्या रेंजरने सांगितलं. आई डेकवर कठड्याला लागून खुर्चीत बसल्या होत्या, अंगावर दोन ब्लँकेट, हातात नातवाचे जास्तीचे मोजे घातलेले, कारण स्वतःचे हातमोजे त्यांनी खाली केबिनमध्ये ठेवले होते आणि ते आणायला कोणालाही उठू देत नव्हत्या.

आता त्या सॅकवाल्या गृहस्थांसाठी. ग्लेशियर बेला रस्ता जात नाही. जवळचं गाव गस्टाव्हस, तिथे पोचायचं तेसुद्धा विमानाने नाहीतर बोटीने. समुद्राला भिडलेल्या त्या हिमनद्या बघायला तिथून पुढेही बोटच लागते. म्हणजे तुम्ही सॅक लावा नाहीतर सुटकेस ओढा, मार्जरीसमोर पाण्यावरूनच येणार. निसर्गलेखक जॉन म्यूर १८७९ मध्ये तिथे गेला तो तिथल्या मूळच्या ट्लिंगिट लोकांच्या होडीतून, त्यांच्या भरवशावर आणि त्यांनी दाखवलेल्या वाटेने. आणि १८८३ मध्ये, म्हणजे चारच वर्षांत, पर्यटकांना घेऊन वाफेचं जहाज त्या खाडीत शिरलं होतं. जहाजातून हिमनदी बघणं ही कालपरवा आलेली आळशी टूम नाही. ती बघायची तीच रीत आहे.

अलास्काची राजधानी जुनो घ्या. राजधानी असूनही बाहेरून तिथे गाडीने जाता येत नाही. मागे डोंगर आणि बर्फाचं पठार, पुढे समुद्र. तिथली माणसंसुद्धा ये-जा करतात ती विमानाने किंवा बोटीने. मग आमच्या आई बोटीने गेल्या तर त्यात कमीपणा कसला?

आई तिथे किती वेळ बसल्या माहीत नाही. मी घड्याळ बघितलं नाही. जहाज हळूहळू जागच्या जागी फिरवतात, म्हणजे दोन्ही बाजूंच्या लोकांना दिसावं. हिमनदीचा एखादा कडा सुटतो तेव्हा तोफ डागल्यासारखा आवाज येतो, पण आवाज पोचेपर्यंत बर्फ पाण्यात गेलेला असतो. सगळे आवाजाकडे वळायचे आणि हळहळायचे, मोबाइल वर धरून. आईंच्या लक्षात वेगळंच आलं. तिथे कड्यांवर किटीवेक नावाच्या समुद्रपक्ष्यांची वस्ती आहे. बर्फ कोसळला की पाणी ढवळून निघतं, खाणं वर येतं आणि हे पक्षी तिथे झेपावतात. आई म्हणाल्या, "आवाज ऐकू नकोस रे. पक्षी कुठे घुटमळतायत ते बघ. एकदा पडलं तिथेच पुन्हा पडतंय." आणि खरंच, पुढचा मोठा कडा कोसळला तेव्हा अख्ख्या डेकवर योग्य जागी बघणारे दोघंच होते, एक त्या आणि एक त्यांचा नातू. तो इतक्या जोरात ओरडला की शेजारचे लोक दचकले.

हा प्रवास नाही म्हणे.

हो, जहाजं तेल जाळतात, धूर सोडतात. मान्य. विमानं काय पाण्यावर चालतात?

गावांबद्दल मात्र मला खरंच वाईट वाटतं. स्कॅगवे या बंदराच्या गावाची कायमची वस्ती जेमतेम हजार-बाराशे. उन्हाळ्यात एखाद्या दिवशी त्याच्या कित्येक पट माणसं धक्क्यावर उतरतात. जुनोत दिवसाला पाचच मोठी जहाजं असं २०२४ पासून ठरलं, आणि २०२६ पासून दिवसाला सोळा हजार प्रवासी, शनिवारी बारा हजार, अशी मर्यादा. ही मर्यादा तिथल्या लोकांनी बोलून, भांडून मिळवली, आणि ती असायलाच हवी. शनिवारी मोठी जहाजं नकोतच असाही प्रस्ताव २०२४ मध्ये मतदानाला आला होता, तो पडला, कारण अनेकांचं पोट त्या जहाजांवर आहे. ज्यांच्या दारात आपण उतरतो त्यांनी ठरवावं. जगात पहिल्यांदा क्रूझ जहाजाला किनाऱ्यावरची वीज जोडली गेली तीही जुनोतच, २००१ मध्ये, म्हणजे धक्क्याला लागल्यावर इंजिनं धुरकटत ठेवायला नकोत. गृहस्थांनी जहाजांवर बोट ठेवण्याआधी हे तरी वाचायचं. आणि ग्लेशियर बेमध्ये दिवसाला दोनच मोठ्या क्रूझ जहाजांना परवानगी असते. आमच्या समोर पाण्यात आमचंच जहाज, तुकडे झालेला बर्फ आणि त्यावर लोळणारे सील. तिथल्याच जॉन्स हॉपकिन्स या आतल्या खाडीत तर उन्हाळ्यात ऑगस्ट संपेपर्यंत क्रूझ जहाजांना जाऊच देत नाहीत, कारण तिथे सील बर्फावर पिल्लं घालतात. हे कळल्यावर आईंचं म्हणणं एवढंच, "बरं करतात. बाळंतिणीच्या खोलीत कोणी गर्दी करतं का?"

पण एका गोष्टीचा मला त्या गृहस्थांपेक्षा जास्त राग आहे, आणि तो आपल्याच माणसांचा. त्याच जहाजावर एक कुटुंब होतं. आजी-आजोबा, दोन मुलगे, सुना, नातवंडं. मार्जरीसमोर जहाज उभं असताना मुलगे आणि सुना डेकवर, आणि आजी-आजोबा आत, बुफेच्या टेबलाशी. "बाहेर थंडी आहे, तुम्ही आतच बसा, आम्ही व्हिडिओ काढून आणतो." मी स्वतःच्या कानांनी ऐकलं. अरे, एवढे डॉलर मोजून, एवढ्या लांब आणून त्यांना व्हिडिओ दाखवणार? काचेच्या आतून? ब्लँकेट मागितलं तर मिळतं, खुर्ची मागितली तर मिळते. थंडी त्यांना नाही, तुम्हाला वाजते, कारण त्यांच्याशेजारी उभं राहायला तुम्हाला वेळ नाही. त्या आजोबांनी मान उंचावून खिडकीतून बघायचा प्रयत्न केला, समोर एका माणसाची पाठ होती. माझ्या नवऱ्याने जाऊन त्यांना बाहेर आणलं, आईंच्या शेजारी बसवलं. त्यांच्या मुलाला ते आवडलं नाही. नसेल आवडलं.

लिहिता लिहिता हात तापले. जरा थांबून आले.

त्या दिवसातली जी गोष्ट मला सगळ्यात जास्त लागली ती अजून सांगितलीच नाही. सकाळी बार्टलेट कोव्हपाशी रेंजर छोट्या बोटीतून येतात आणि चालत्या जहाजाला सोडलेल्या शिडीवरून चढतात. त्यांच्याबरोबर हूना ट्लिंगिट समाजातल्या एक बाई होत्या. त्यांनी सांगितलं की ही खाडी आहे तिथे पूर्वी त्यांच्या पूर्वजांची गावं होती. अठराव्या शतकाच्या मध्याला हिमनदी पुढे सरकत आली, इतक्या वेगाने की लोकांना घरं सोडून जावं लागलं. १७९४ मध्ये ब्रिटिश दर्यावर्दी व्हँकुव्हरच्या मोहिमेतले लोक आले तेव्हा खाडी अशी नव्हतीच, तोंडापाशीच बर्फाची भिंत होती. तोच बर्फ आज शंभर किलोमीटरहून जास्त आत गेलाय. (त्यातलं बरंचसं मागे हटणं जुनं आहे हे खरं, पण आज अलास्कातल्या बहुतेक हिमनद्या आक्रसतायत हेही तितकंच खरं.) बर्फ हटला, आणि मग जमीन संरक्षित झाली, १९२५ मध्ये राष्ट्रीय स्मारक, १९८० मध्ये राष्ट्रीय उद्यान. ज्यांची ती जमीन, त्यांना तिथे समुद्रपक्ष्यांची अंडी गोळा करायलाही मनाई झाली. ती परवानगी देणारा कायदा २०१४ मध्ये झाला. आणि २०१६ मध्ये बार्टलेट कोव्हला त्यांचं स्वतःचं मोठं लाकडी कुलगृह उभं राहिलं.

आईंना इंग्रजी बेताचं कळतं. मुलगा भाषांतर करून सांगत होता. सगळं ऐकून झाल्यावर त्यांनी एकच विचारायला लावलं, "घर परत बांधलं तेव्हा म्हातारी माणसं होती का बघायला?" त्या बाईंनी हो म्हटलं आणि वाकून आईंचा हात हातात घेतला. आईंच्या हातात अजून ते मोजे होते. दोघीही काढायला विसरल्या.

बंदरांबद्दलही दोन शब्द, कारण "तिथे नुसती दुकानं" असंही ऐकवलं जातं. आहेत, धक्क्यासमोर दागिन्यांची दुकानं ओळीने आहेत. तिकडे न वळता पुढे चाला. केचिकनला बहुधा पाऊसच लागतो, वर्षाला सुमारे पावणेचार मीटर पडतो, तेव्हा रेनकोट घालूनच उतरा. तिथल्या टोटेम हेरिटेज सेंटरमध्ये सोडून दिलेल्या जुन्या गावांमधून आणलेले एकोणिसाव्या शतकातले टोटेम, म्हणजे कोरीव लाकडी खांब आहेत, रंग गेलेले, लाकूड भेगाळलेलं. आई त्या खांबांसमोर नेहमीसारखे हात जोडून उभ्या राहिल्या. स्कॅगवेहून व्हाइट पासची छोटी रेल्वे वर चढते, १८९८ मध्ये काम सुरू होऊन १९०० मध्ये पूर्ण झालेली. सोन्याच्या मागे धावणाऱ्या माणसांनी त्याच वाटेवर हजारो घोडे उपाशी, जखमी मारले. त्या गाडीला व्हीलचेअर चढवायची सोय असलेले डबे आहेत. सव्वाशे वर्षं जुनी गाडी आईंना घाटमाथ्यावर नेते, आणि आमचे गृहस्थ म्हणतात सॅक लावा.

ज्यांना आई-वडिलांना न्यायचंय, त्यांनी बुकिंग करताना "हिमनदी दर्शन" एवढ्यावर भागवू नये. जहाज ग्लेशियर बेमध्ये जाणार का, हे नाव घेऊन विचारा. काही जहाजं हबर्ड हिमनदीकडे जातात, काही एंडिकॉट आर्म या खाडीत. तीही सुंदर आहेत, पण रेंजर आणि हूना समाजाची माणसं जहाजावर येतात ती ग्लेशियर बेमध्ये. ट्रेसी आर्म या खाडीचं कोणी सांगितलं तर नीट चौकशी करा, १० ऑगस्ट २०२५ ला तिथे मोठी दरड कोसळून प्रचंड लाट उठली होती. सिएटलहून निघणारी जहाजंसुद्धा बहुतेक वेळा कॅनडातल्या एखाद्या बंदराला लागतात, कारण परदेशी झेंड्याच्या जहाजाने अमेरिकेतूनच प्रवासी घेऊन मध्ये परदेशी बंदर न करता त्यांना अमेरिकेतच उतरवायचं नाही, असा १८८६ चा कायदा आहे. तेव्हा अमेरिकेबरोबर कॅनडाच्या व्हिसाचंही आधी बघा, घरातल्या प्रत्येकाचं, आजीचं विसरू नका. व्हीलचेअर लागणार असेल तर बुकिंगच्या वेळीच कळवा, आणि केबिन लिफ्टजवळची मागा. हिमनदीच्या दिवशी सकाळी लवकर उठून डेकवर पुढची जागा धरा आणि त्यांना तिथे बसवा. दुपारचं जेवण चुकलं तरी चालेल, जहाजावर रात्री उशिरापर्यंत काही ना काही खायला मिळतंच.