‘जुनी पुस्तकं उतरवून काय मिळतं?’ : आमच्या कथालेखन वर्गावरच्या एक तारा अभिप्रायाला उत्तर

नमस्कार,

आमच्या वर्गाला एक तारा देताना तुम्ही तीन तक्रारी मांडल्या आहेत. सुरुवातीचे आठवडे जुनी पुस्तकं वाचण्यात आणि त्यातली पानं हातानं उतरवण्यात गेले. वेब सिरीजसाठी लिहायचं असताना ‘खांडेकरी मराठी’ शिकून उपयोग नाही. आणि तुमच्या कथेतली चांगली वाक्यं लाल पेनानं खोडली. फी भरलेल्या माणसाला याचं उत्तर मिळायला हवं, आणि ते इथंच द्यायला हवं, कारण चौकशीला येणारे बरेच जण हेच विचारतात.

आधी खांडेकरांचं. ‘ययाति’कार वि. स. खांडेकर या गावात, कोल्हापुरात राहिले, इथल्या शिवाजी विद्यापीठात त्यांचं स्मृतिसंग्रहालय आहे, त्यांच्याविषयी आम्हाला मनापासून आदर आहे. तरीही त्यांची भाषा उचला असं आम्ही कुणालाही सांगत नाही. त्यांची सुभाषितवजा वाक्यं आजच्या कथेत आणली की ती उसनी वाटतात. ‘ययाति’मधून (१९५९) घ्यायची ती मांडणी. ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा आपापल्या तोंडून बोलतात, आणि प्रत्येकाला स्वतःची बाजू खरी वाटते. वर्गात त्यावरचा सराव असा : घरातलं एकच भांडण तीन माणसांच्या तोंडून, प्रत्येकी दीडशे शब्दांत लिहायचं. मग नावं झाकून शेजारच्याला वाचायला द्यायचं. कोण बोलतंय हे त्याला ओळखता आलं नाही, तर तिन्ही पात्रं लेखकाच्याच आवाजात बोलताहेत. बहुतेकांचं पहिल्यांदा असंच होतं, कारण पात्राचा राग बदलतो, पण पात्राचं लक्ष कशाकडे जातं ते बदलत नाही. सासऱ्याला दिवा चालू राहिलेला दिसेल, सुनेला दार आपटलेलं ऐकू येईल. तिथून आवाज वेगळे व्हायला लागतात.

आता उतरवण्याचं. ही सगळ्यात जास्त गैरसमज होणारी गोष्ट आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

एका वेळी एकच पान, अडीचशे-तीनशे शब्दांचं. रेघी वही, डावीकडे चार बोटं समास. वाक्य एकदा वाचायचं, पुस्तकावरून नजर काढायची, आठवून लिहायचं आणि मग ताडून बघायचं. जिथं तुमचा शब्द वेगळा पडला तिथं खूण करायची. सगळा फायदा या खुणांमध्ये आहे. कुणाच्या हातून ‘अतिशय’ आणि ‘अचानक’ आपोआप पडतात, कुणी लेखकाची दोन वाक्यं ‘आणि’ घालून एक करतो, कुणी क्रियापद आधी आणतो. या तुमच्या सवयी आहेत, आणि स्वतःचं लिखाण कितीही वेळा वाचलं तरी त्या दिसत नाहीत. दुसऱ्याच्या चांगल्या वाक्याशेजारी ठेवल्या की लगेच दिसतात.

मग समासात प्रत्येक वाक्याचं काम लिहायचं : कृती, दृश्य, आवाज, संवाद, विचार, काळ पुढं सरकला. तेवढंच. त्यानंतर स्वतःच्या कथेचं एक पान घेऊन त्यालाही हेच समास करायचे. नवशिक्याच्या पानावर ‘विचार’ दाटीवाटीनं बसलेला असतो आणि ‘कृती’ शोधावी लागते. शेवटची पायरी म्हणजे त्या जुन्या पानाचा क्रम तसाच ठेवून आत स्वतःचा मजकूर भरणं.

यात बिघडतं कुठं? पुस्तकाकडं बघत शब्दामागून शब्द उतरवला तर हात दुखतो आणि डोक्यात काही राहत नाही. एका बैठकीत पाच पानं उतरवली तर शेवटची चार वाया. आणि पान निवडताना लोक हमखास मरणाचा किंवा भांडणाचा प्रसंग घेतात. तिथं प्रसंगाचंच वजन इतकं असतं की कारागिरी दिसत नाही. पात्र पहिल्यांदा आत येतं किंवा मधले सहा महिने निघून जातात, असं पान घ्या.

‘बनगरवाडी’ (१९५५) आम्ही याचसाठी लावतो. व्यंकटेश माडगूळकरांचा तरुण मास्तर नव्या नेमणुकीवर माणदेशातल्या गावात येतो आणि गोष्ट तोच सांगतो. त्यामुळं वाचकाला गाव तेवढंच कळतं, जेवढं त्याला कळतं. गाव मेंढपाळांचं आहे हे शाळेत पोरं का नाहीत यावरून कळतं : ती मेंढरांमागं गेलेली असतात. म्हणजे माहिती अडचण होऊन येते. तुम्ही लिहिलंय की आजच्या वाचकाला पहिल्या दोन ओळींत पकडावं लागतं. बरोबर आहे. पण वर्गात येणाऱ्या कथांत काय होतं ते बघा. पहिल्या ओळीत अपघात किंवा रक्त, आणि दुसऱ्या परिच्छेदापासून नायकाचं गाव, शिक्षण, घरची परिस्थिती असा पाचशे शब्दांचा पूर्वेतिहास. वाचक सुटतो तो इथं. त्याऐवजी ‘बनगरवाडी’चा सांगाडा घेऊन शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीत पहिल्या पाळीला आलेल्या पोराचं पान लिहा. भट्टीजवळ कुठं उभं राहायचं हे त्याला ठाऊक नाही. कुणीतरी त्याला दंडाला धरून मागं ओढतं. फौंड्री काय असते, हे वेगळं सांगावं लागत नाही.

वेब सिरीजचं म्हणाल तर हरिभाऊ आपट्यांची ‘पण लक्षात कोण घेतो’ ही कादंबरी १८९० पासून ‘करमणूक’ या साप्ताहिकात हप्त्याहप्त्यानं आली. वाचकाला आठवडाभर धरून ठेवायचं, आणि मागचं विसरलेल्याला पुन्हा आत घ्यायचं, हाच तर तुमचा प्रश्न आहे. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी दोन गोष्टी टिपा : कुठला प्रश्न मिटला आणि कुठला उघडा राहिला. सगळे मिटले तर माणूस पुढचा भाग लावत नाही. एकही मिटला नाही तर तीन भागांनंतर त्याला फसवल्यासारखं वाटतं. आणि विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ (१९३९) जरूर वाचा. युरोपातून परतणारी एक बोट, मोजके दिवस, बाहेर महायुद्धाची चाहूल. निर्माता आधी लोकेशन मोजतो हे तुम्हालाही माहीत आहे.

लाल पेनाबद्दल. तुमच्या कथेतली वाक्यं इथं देणं योग्य नाही, म्हणून नमुना आमचा : ‘ती अतिशय दुःखी मनानं स्वयंपाकघरात गेली.’ याऐवजी : ‘तिनं गॅस पेटवला. वर भांडं ठेवायचं राहिलं.’ दुसऱ्यात दुःख हा शब्द नाही, पण वाचक ते स्वतः शोधून काढतो आणि शोधलेलं लक्षात ठेवतो. लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये वडिलांचं सोवळ्याचं वेड रंगवताना घरात काय काय चालायचं आणि ते बाकीच्यांना कसं सोसावं लागायचं ते सांगितलंय. साधी, छोटी वाक्यं. तरी वाचताना हसू आणि राग दोन्ही येतात. प्रत्येक विशेषण खोडा असा नियम मात्र नाही. ज्या विशेषणानं वस्तू बदलते ते राहू द्या : ‘उकडलेली अंडी’मधलं ‘उकडलेली’ काढता येत नाही.

बोलीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण तुमच्या संवादांना ते लागू आहे. कोल्हापुरी पात्र म्हणजे दर वाक्यात ‘लगा’ आणि शिवी, असं हल्ली पडद्यावर फार दिसतं. पट्टणकोडोलीच्या शंकर पाटलांच्या कथा मोठ्यानं वाचा. बोली वाक्याच्या चालीत आहे, कोण कुणाला किती मोजून बोलतो त्यात आहे. इथल्या कितीतरी बायका ‘मी जातो, मी आलो’ म्हणतात. तेवढं एक जरी अचूक पकडलं तरी पात्र कुठलं ते कळतं. दोन-तीन लकबी निवडा आणि शेवटपर्यंत सांभाळा.

पुस्तकं विकत घ्यायची सक्ती नाही. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून आहे, तिथं सभासद व्हा. एक सावधगिरी : उतरवलेली पानं सरावापुरती. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतात. आपटे १९१९ मध्ये गेले, त्यामुळं त्यांचं लेखन मोकळं आहे. खांडेकर १९७६ मध्ये गेले, त्यांचा उतारा स्वतःच्या पटकथेत घालायचा तर परवानगी लागेल.

तुमचे उरलेले वर्ग तसेच शिल्लक आहेत. येताना उतरवलेलं एक पान आणि तुमच्या पहिल्या भागाचं पहिलं पान, दोन्ही आणा. समास मोकळे ठेवा, ते समोरासमोर बसून भरू.

कथालेखन वर्ग, राजारामपुरी, कोल्हापूर